थंडीतली बाग : घडांची निगा आणि सुटीचे पाहुणे



आजचा सल्ला नेहमीपेक्षा लांब आहे. सकाळी घाईत वाचू नका, संध्याकाळी निवांत वाचा. ज्यांच्या मळ्यावर नाताळ ते संक्रांत या काळात पाहुणे मुक्कामाला येणार आहेत, त्यांनी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. यातली निम्मी कामं घरातल्यांच्याच वाट्याला येणार आहेत.

आपल्या निफाड-दिंडोरी भागात बऱ्याच जणांनी मळ्यात दोन-चार खोल्या काढल्या आहेत, कोणी तंबू लावले आहेत. गंगापूर धरणाच्या बाजूला सुलासारख्या वायनऱ्यांनी मुक्कामाची सोय केली, तेव्हापासून मुंबई-पुण्याची माणसं द्राक्षाची बाग बघायला येऊ लागली. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला येणारे तर हिवाळाभर चालूच असतात. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याचं नाव झालं, तशी गर्दी वाढली. हे चांगलंच आहे, चार पैसे मिळतात. अडचण एकच. पाहुण्यांना जी थंडी हवी असते, तीच थंडी आपल्या मण्याला नको असते, आणि दोन्ही एकाच पंधरवड्यात येतात.

*गेल्या वर्षी काय झालं*

नाव सांगत नाही. सभासद आपलेच आहेत आणि त्यांनी "मॅडम, लिहा, दुसऱ्याचं तरी वाचेल" असं स्वतः सांगितलं आहे.

प्लॉट सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात छाटलेला. डिसेंबरच्या शेवटी मण्यात पाणी उतरलेलं. भुरी दिसली म्हणून मी फवारणी लिहून दिली. त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी ब्लोअर फिरवला. शनिवारी दुपारी तीन गाड्या भरून पाहुणे आले, बारा माणसं. पोरं बागेत शिरली. सहा वर्षांच्या एका मुलीने हाताला येईल तो घड तोडला आणि न धुता खाल्ला. रात्री नऊला तिला उलट्या सुरू झाल्या.

तालुक्याच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "औषध कोणतं मारलं होतं? पुडा आणलाय का?" पुडा नाल्यात फेकून दिलेला. मला रात्री फोन आला, मी माझ्या वहीत बघून नाव आणि घटक सांगितला. मुलगी सकाळपर्यंत बरी झाली. डॉक्टरांच्या मते प्रवासातलं खाणं बाधलं असावं, औषधाची लक्षणं दिसत नव्हती. पण ती रात्र त्या घराने कशी काढली ते त्यांनाच माहीत.

आता दुसरी गोष्ट. त्याच रात्री त्यांच्या प्लॉटवर पारा ४ अंशांवर आला. पहाटे पाणी सोडायचं ठरलेलं होतं. दादा दवाखान्यात, वहिनी उरलेल्या पाहुण्यांजवळ, आणि मोटर चालू करायला कोणीच नाही. पुढच्या आठ-दहा दिवसांत नदीकडच्या खालच्या बाजूचे मणी तडकले, काही घड गुलाबी पडले. एका रात्रीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, आधीचे दोन-तीन दिवसही गारच होते आणि कागद लावायला उशीर झालेला. पण खालच्या ओळींचा माल निर्यातीतून गेला तो गेलाच.

यात माझी चूक आहे. फवारणी लिहून देताना मी छाटणीची तारीख विचारली, पाऊस विचारला, आधीचे फवारे विचारले. शनिवारी पाहुणे येणार आहेत का, हे विचारलंच नाही. यंदापासून माझ्या वहीत तो रकाना आहे. तुम्हीही मला सल्ला विचारताना पाहुण्यांची तारीख आधी सांगा.

*थंडी मोजायची कशी*

मोबाइलवर दिसतं ते गावाचं तापमान. तुमच्या प्लॉटचं वेगळं असतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदलेला निफाडचा पारा आपण पेपरात वाचतो. डिसेंबर २०१८ च्या शेवटी तो २ अंशांच्या आसपास उतरला होता, ते अनेकांना आठवत असेल. पण त्या दिवशीही एकाच गावात माळावरच्या बागेत आणि कादवेच्या काठच्या बागेत दोन-तीन अंशांचा फरक होता.

गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने खाली जाते आणि खोलगट जागेत साचते. म्हणून नदीकाठचे, नाल्याकडचे, खळग्यातले प्लॉट आधी मार खातात. उताराच्या खालच्या टोकाला तुम्ही दाट कुंपण किंवा शेडनेटची भिंत उभी केली असेल तर तो गार हवेचा बांध झाला. तिथे निदान जमिनीलगत दोन-तीन फूट नेट वर गुंडाळून ठेवा, हवेला वाट मिळू द्या.

कमाल-किमान तापमापी कृषी सेवा केंद्रात मिळते. एक घ्या, पण पडवीत टांगू नका. बागेच्या सर्वांत खोलगट भागात, घडाच्या उंचीवर लावा. पहाटे साडेपाच-सहाला बघा, कारण सगळ्यात कमी तापमान सूर्य उगवण्याच्या जरा आधी असतं.

*थंडीत वेलीला काय होतं*

किमान तापमान १० च्या खाली राहिलं की पांढऱ्या मुळीचं काम मंदावतं. मुळी अन्नद्रव्य उचलत नाही, मणी फुगायचा थांबतो. अशा वेळी आपण घाबरून खताचा डोस वाढवतो. वाढवू नका. मुळीच झोपली असेल तर खत बोदात पडून राहतं आणि पैसा वाया जातो. ऊब आल्यावर द्या.

पाणी उतरण्याच्या सुमारास रात्र फार गार आणि दुपार तापलेली, असा मोठा फरक पडला की थॉमसन, तास-ए-गणेश यांसारख्या हिरव्या जातींत मण्यावर गुलाबी छटा येते. हीच पिंक बेरी. एकदा आली की औषधाने जात नाही. त्यावर उपाय आधीच करायचा असतो, तो म्हणजे मणी मऊ पडायला लागण्याआधी घडाला कागद लावणे. मजुरी जाते हे मान्य. सगळ्या प्लॉटला परवडत नसेल तर निदान खालच्या, गार बाजूच्या ओळींना आणि बाहेरच्या उघड्या घडांना लावा.

भुरीला थंड, कोरडी हवा मानवते. गंधकावर थंडीत फार विसंबू नका. गंधकाचं काम त्याच्या वाफेवर चालतं, आणि हवा १८-२० अंशांच्या खाली असेल तर ते कमी पडतं. मारायचंच असेल तर ऊन वर आल्यावर मारा. घड तयार होत आला असेल तर मण्यावर पांढरे डाग राहतात, तेही लक्षात घ्या. दवाने पाला ओला असताना सकाळी सातला ब्लोअर फिरवणारे अजून आहेत. दव उतरू द्या.

*पाणी : कोणतं, कधी, किती*

विहिरीचं आणि बोअरचं पाणी पहाटे हाताला कोमट लागतं. जमिनीच्या पोटातलं पाणी बाराही महिने साधारण एकाच तापमानाला असतं, गार झालेली असते ती हवा. ते पाणी पहाटे चारच्या सुमारास सोडलं की बोदाला आणि घडाजवळच्या हवेला थोडी ऊब मिळते.

शेततळ्याच्या पाण्याचं तसं नाही. ते रात्रभर उघड्यावर असतं, हवेबरोबर गार होतं. पहाटे तेच पाणी ठिबकने सोडलं तर मुळीला उलट गारठाच मिळतो. शेततळं असेल तर पाणी दुपारी द्या.

आता लाईटची पाळी. ज्या आठवड्यात दिवसाची पाळी असेल त्या आठवड्यात पहाटे मोटर चालणारच नाही. मग आदल्या दिवशी दुपारी दोन ओळींमधली पट्टी हलकी ओली करून ठेवा. ओली काळी जमीन दिवसा ऊन पिते आणि रात्रभर सोडत राहते. कोरडी, नुकतीच रोटर मारलेली भुसभुशीत जमीन ऊब धरत नाही. म्हणून थंडीच्या लाटेचा अंदाज असेल तर त्या आठवड्यात रोटर नको.

आच्छादनाबद्दल नेहमी विचारलं जातं. बोदावर पाचट, भुसा असेल तर मुळी उबदार राहते, ते चांगलं आहे. पण दोन ओळींमधल्या पूर्ण पट्टीवर जाड थर असेल तर जमिनीची ऊब वर येत नाही आणि घडाजवळची हवा जास्त गार होते. म्हणून आच्छादन बोदावर ठेवा, मधली पट्टी उघडी आणि ओलसर ठेवा.

पाणी उतरलेल्या प्लॉटला मात्र हात आखडता घ्या. ऊब मिळावी म्हणून तास-तास ठिबक चालवलं तर मणी तडकायला आपणच कारण ठरतो. त्या प्लॉटला ठिबकने जादा पाणी नकोच, मधली पट्टी ओली करणं पुरे.

*शेकोटी : बागेसाठी आणि पाहुण्यांसाठी*

धुराने बाग वाचते असं आपण म्हणतो. धुराचा उपयोग थोडा, खरी ऊब जाळाची. वारा पडलेला असेल तेव्हा जमिनीजवळ गार हवेचा थर असतो आणि त्याच्या वर जरा उबदार हवा असते. धूर काही फुटांवर जाऊन आडवा पसरला तर समजा असा थर आहे आणि शेकोटीचा फायदा होईल. वारा असेल तर काडी वाया घालवू नका.

एक मोठा जाळ करू नका. मोठ्या जाळाची गरम हवा थर फोडून सरळ वर निघून जाते. लहान लहान दहा-बारा शेकोट्या बांधाने करा, वाऱ्याची झुळूक जिकडून येते त्या बाजूला. गोवऱ्या, छाटणीच्या वाळक्या काड्या, ओलसर भुसा वापरा. टायर, प्लॅस्टिक, जुनं मल्चिंग जाळायचं नाही, त्याची काजळी मण्यावर बसते आणि ती धुऊन निघत नाही. वायनरीला माल देणाऱ्यांनी आधी त्यांच्या क्षेत्र अधिकाऱ्याला विचारावं, कारण पाणी उतरल्यानंतर धूर लागला तर त्याची चव वाइनमध्ये उतरते.

पाहुण्यांची शेकोटी वेगळी. ती बागेपासून, शेडनेटपासून, कडब्याच्या गंजीपासून लांब, अंगणात. शेजारी पाण्याने भरलेल्या दोन बादल्या. झोपायला जाताना राख विझवायची जबाबदारी एका माणसाची, नाव ठरवून.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गेल्या आठवड्यात एका मळ्यावर गेले. पाहुण्यांच्या खोल्यांत नवीन रजया, उशांना नवीन अभ्रे, बघून बरं वाटलं. त्याच मळ्याच्या टोकाला पेठ-सुरगाण्याहून विरळणीला आलेली टोळी पत्र्याच्या शेडमध्ये होती. एका बाजूने शेड उघडी, लेकरं पोत्यावर झोपलेली. त्या बाजूला हिरवं नेट आणि ताडपत्री लावायला दुपार पुरते. पाहुणे दोन दिवसांचे असतात, ही माणसं आपल्या घडाला हात लावणारी आहेत. आधी तिकडे बघा.

*पाहुण्यांची ओळ*

हा यंदाचा मुख्य सल्ला. बागेत कुठेही फिरा, काहीही तोडा, असं पाहुण्यांना सांगायचं बंद करा. बघायला सगळी बाग, खायला एकच ओळ.

घराजवळची, कडेची एक ओळ ठरवा. दहा-पंधरा वेली पुष्कळ झाल्या. शरद, माणिक चमन अशी घरच्यासाठी ठेवलेली वेगळी झाडं असतील तर त्याहून उत्तम. वारा साधारण जिकडून येतो त्या बाजूची ओळ घ्या, म्हणजे इतर ओळींवरचा फवारा तिच्यावर कमी उडेल. तिच्या शेजारच्या चार-पाच ओळींना पाहुणे येण्याच्या काळात ब्लोअर नको, गरज पडली तर हातपंपाने, वारा बघून मारा.

प्रत्येक औषधाच्या पुड्यावर काढणीपूर्व प्रतीक्षा काळ दिलेला असतो. निर्यातवाल्यांना हे पाठ आहे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी, ज्याला आपण अ‍ॅनेक्शर ५ म्हणतो, तिच्यात औषधागणिक दिवस लिहिलेले असतात. आपण ते दिवस काढणीच्या तारखेपासून मागे मोजतो. पाहुण्यांच्या ओळीसाठी ते पाहुणे येण्याच्या तारखेपासून मागे मोजायचे. एवढंच नवीन आहे. समजा २५ डिसेंबरला पाहुणे आहेत आणि औषधाचा प्रतीक्षा काळ ३० दिवस आहे, तर त्या ओळीवर तो फवारा २५ नोव्हेंबरनंतर नको. कोणी म्हणेल त्या ओळीवर भुरी येईल. येईल. पंधरा वेलींवर थोडी भुरी आली तर रोगट घड काढून टाका, नुकसान किती होणार?

बाकीच्या बागेत फवारणी झाली असेल तर निदान २४ तास कोणाला आत सोडू नका, पुड्यावर जास्त वेळ लिहिला असेल तर तेवढा. गंधक मारलेल्या ओळीतून फिरलं की डोळे चुरचुरतात, लहान मुलांचे जास्त. बागेच्या तोंडाशी एक काळी पाटी लावा. त्यावर खडूने औषधाचं नाव, मारल्याची तारीख, आत जायची तारीख. पाटी पाहुण्यांसाठी आहेच, पण घरातल्या माणसांसाठी जास्त आहे. फवारा भाऊ मारतो आणि पाहुण्यांना पुतण्या फिरवतो, असं आपल्याकडे नेहमीच होतं.

रिकामा पुडा, बाटली फेकायची नाही. पाहुणे जाईपर्यंत तरी कुलपात ठेवा, आणि लेबलचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. कोणाला काही झालंच तर १०८ ला फोन करा आणि लेबल डॉक्टरांसमोर ठेवा. लेबलवर विषबाधेची लक्षणं आणि उतारा लिहिलेला असतो. त्रिकोण लाल आहे, पिवळा आहे, निळा आहे की हिरवा, हे घरातल्या शाळकरी पोरांनाही माहीत असू द्या. लाल सगळ्यात विषारी.

आणखी दोन गोष्टी, निर्यात प्लॉटवाल्यांसाठी. घडाला हात लावून फोटो काढायची पाहुण्यांना फार हौस. मण्यावरची पांढरी लव बोटाने पुसली की तो डाग पॅकहाउसमध्ये दिसतो आणि घड बाजूला पडतो. फोटो पाहुण्यांच्या ओळीतच. दुसरं, एका बागेतून दुसऱ्या बागेत फिरणाऱ्यांच्या कपड्यांना, टोप्यांना मिलीबगची पिल्लं चिकटून येऊ शकतात. आधी कुठली बाग बघून आलात, हे विचारायला लाज वाटायचं कारण नाही. ग्लोबलगॅप असलेल्यांना पाहुण्यांसाठी लेखी सूचना ठेवाव्याच लागतात, त्यांनी तोच कागद मराठीत मोठ्या अक्षरात दाराशी लावावा.

*हिशेब*

काही जण म्हणतात, मॅडम, एवढा व्याप कशाला, पाहुणेच बंद करू. तसं नाही. हिशेब मांडून बघा. धरून चला बारा माणसं, दोन दिवस, माणशी दीड हजार रोज. ३६ हजार झाले. जेवण, मजुरी, धुणं जाऊन निम्मे हातात राहिले तरी १८ हजार. दुसरीकडे, तीन टन माल निर्यातीतून निघून लोकलला गेला आणि किलोमागे ३० रुपयांचा फरक पडला, तर ९० हजार गेले. म्हणजे पाच शनिवार-रविवारची कमाई एका दुर्लक्षात गेली. ज्यांच्याकडे माणसं पुरेशी आहेत त्यांना दोन्ही जमतं. ज्यांच्या घरात दोनच कर्ती माणसं आहेत त्यांनी पाणी उतरतानाच्या पंधरा दिवसांत पाहुणे घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांनी फेब्रुवारीत घ्यावेत. माल गोड झालेला असतो, थंडी सुसह्य असते.

आणि रात्रीची वाटणी आधी करा. पहाटे चारला मोटर चालू करणारा माणूस पाहुण्यांच्या चहा-पोह्यात अडकलेला नसावा. त्याने रात्री शेकोटीजवळ गप्पा मारत बसू नये, नऊला झोपावं.

*पाहुण्यांना दाखवायचं काय*

बरेच जण रिसॉर्ट बघून येतात आणि आधी हिरवळ लावायला घेतात. एक गुंठा हिरवळ म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. हिवाळ्यात रोज ४ मिलिमीटर पाणी धरलं तरी ४०० लिटर, उन्हाळ्यात त्याच्या जवळजवळ दुप्पट. एप्रिलमध्ये खरड छाटणीनंतर आपण टँकर मोजतो, तेव्हा ती हिरवळ डोळ्यांत सलते. मुंबईच्या माणसाला हिरवळ तिकडेही मिळते. त्याला पहाटेचं धुकं, वेलीवरून टपटपणारं दव, चुलीवरचं पाणी, बांधावरची बोरं, हरभऱ्याचा सोलाणा, उसाचं कांडं हवं असतं. हे आपल्याकडे फुकट आहे.

खोल्यांपुढे फुलं मात्र असावीत. झेंडू सोपा. गुलाबाची छाटणी दसऱ्यानंतर केली की साधारण दीड महिन्याने फुलं सुरू होतात, ज्यांनी यंदा केली नसेल त्यांनी पुढच्या वर्षी तारीख धरा. शेवंतीची गंमत सांगते. एका ताईंची शेवंती वाढली भरपूर पण कळीच धरेना. जाऊन बघितलं तर वाफ्यावर खोलीचा हॅलोजन रात्रभर चालू. शेवंतीला कळी धरायला लांब, अंधारी रात्र लागते. सप्टेंबरपासून दिवा दुसरीकडे फिरवा, फुलं वेळेवर येतील.

तुळस थंडीत काळी पडते, दरवर्षी कोणी ना कोणी फोटो पाठवतं. वृंदावनातली असेल तर रात्री जुन्या सुती कपड्याने झाका आणि सकाळी काढा. कुंडीतली असेल तर भिंतीच्या दक्षिण बाजूला, वळचणीखाली ठेवा, भिंत दिवसा तापते आणि रात्री ऊब देते. मंजिऱ्या खुडत राहा. पाणी सकाळी ऊन आल्यावर, संध्याकाळी नको.

हुरड्याची मागणी सगळीकडे आहे. पण ज्वारी चिकात असते ते दिवस मोजके, आठ-दहाच. एकदम पेरली तर एकाच आठवड्यात सगळा हुरडा आणि नंतर कडक दाणे. पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यापासून दहा-दहा दिवसांच्या अंतराने दोन-दोन गुंठे पेरा. राहुरीच्या विद्यापीठाच्या फुले उत्तरा आणि फुले मधुर या खास हुरड्याच्या जाती आहेत, किंवा आपली सुरती, गुळभेंडी. जागा बागेला लागून निवडू नका, नाही तर ब्लोअरचा फवारा थेट कणसावर जातो आणि हुरडा कोणी धुऊन खात नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० सालचं आहे, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. जेवण देत असाल तर अन्न परवान्याची नोंदणी लागते. दोन्हींचे अर्ज ऑनलाइन आहेत. ज्यांना जमत नसेल त्यांनी आधार, सातबारा आणि बँक पासबुक घेऊन बुधवारी कंपनीच्या ऑफिसात या, संगणकावर बसलेला मुलगा भरून देईल.

*आपली सुटी*

खोल्या झाल्यापासून एक वाक्य दोन-तीन घरांत ऐकलं. "सगळ्यांची सुटी आमच्या मळ्यात, आमची सुटी कधी?" विचारणाऱ्या वहिनीच होत्या, दादा कोणी नव्हते. द्राक्षवाल्याला हिवाळ्यात मळा सोडता येत नाही हे खरं. पण खरड छाटणीनंतर सबकेनचं काम उरकलं की जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये चार दिवस निघतात. काडी पक्की होत असते, फवारण्यांमध्ये अंतर असतं. त्या चार दिवसांची तारीख आत्ताच कॅलेंडरवर खूण करा आणि त्या आठवड्यात पाहुण्यांचं बुकिंग घेऊ नका.

*या आठवड्यात करायचं*

पाणी उतरायला आठ-दहा दिवस राहिलेल्या प्लॉटला कागदाची तयारी करा. तापमापी लावा. पाहुण्यांची ओळ ठरवून तिला लाल दोरी बांधा. शेडनेटची खालची कड वर घ्या. टोळीच्या शेडला ताडपत्री बांधा.

आणि उद्यापासून पहाटेचं किमान तापमान, गावाचं नाव आणि प्लॉट खोलगट आहे की माळावर, एवढं मला मेसेज करा. तापमापीचा फोटो असेल तर उत्तम. सगळ्यांचे आकडे मी रोज सकाळी नऊपर्यंत एकत्र करून परत पाठवीन, म्हणजे दुसऱ्या रात्री कोणाला पाणी सोडायचं आणि कोणी निवांत झोपायचं ते ठरवता येईल. ज्यांच्याकडे २० डिसेंबर ते १५ जानेवारीत पाहुणे आहेत त्यांनी तारखा आजच कळवा. पुढचा फवारा मी त्या तारखा बघूनच लिहीन.